वाऱ्याचं फिट्टंफाट होत नाही

फेब्रुवारी निम्मा सरला की धाराशिवात दुपारचं वारं सुटतं आणि मला राग यायला लागतो. बाकीच्यांना या दिवसांत सर्दी होते, डोळे येतात, पोरांना परीक्षेचा ताप चढतो. मला राग येतो. वाळत घातलेली ओढणी शेजाऱ्यांच्या टाकीवर जाऊन बसते, आत्ताच पुसलेल्या ओट्यावर पुन्हा धूळ, लिंबाची पिवळी पानं खिडकीच्या जाळीत अडकून दिवसभर फडफडतात. नवरा म्हणतो, "वाऱ्यावर काय चिडतेस?" मी वाऱ्यावर चिडत नाही, हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही पुरतं कळलेलं नाही.

मी दहावीच्या मुलींना घरी गणित शिकवते. पुढची खोली, एक फळा, दोन सतरंज्या. मुली गावातल्या असतात, तशा बेंबळीकडून, तुळजापूरच्या बाजूनं एसटीनं येणाऱ्याही असतात. या दिवसांत काही नव्या येतात. सराव परीक्षेचे पेपर हातात पडलेले असतात आणि घरचे घाबरलेले असतात. मी विचारते, काय अवघड जातंय? त्यावर हमखास एक उत्तर येतं, आणि तेही अगदी निर्धास्त. "शाब्दिक उदाहरणं सोडून सगळं येतंय मॅडम. शाब्दिक आम्ही ऑप्शनला टाकलीत."

ऑप्शनला टाकणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे. पेपरात पाचापैकी कोणतेही तीन सोडवा, चारापैकी दोन सोडवा, अशी सवलत असते. विद्यार्थ्याला एखादं नाही जमलं तर त्याचं नुकसान होऊ नये म्हणून ती दिलेली. आमच्याकडं त्या सवलतीच्या भरवशावर अख्खं प्रकरणच शिकवायचं नाही, शिकायचं नाही, वहीची पानं कोरी सोडून पुढं जायचं. आणि पहिला बळी ठरलेला. नाव, नदी, विमान, वारा. वेग, अंतर, वेळ. कुठल्याशा गावाहून निघालेल्या दोन गाड्या. आंबलेलं वरण टाकावं तसं ही सगळी उदाहरणं पोरी टाकून देतात. सांगतो कोण? मास्तर सांगतात.

हे ऐकलं की माझी कानशिलं तापतात. मुलींना वाटतं मॅडम आपल्यावर रागावल्या. त्या वह्या मिटतात, एकमेकींकडं बघतात. मग मी पाणी पिऊन येते. त्या बिचाऱ्यांचा काय दोष. मीही एकदा अशीच वही घेऊन बसलेली होते, फक्त मला टाकायचं नव्हतं.

आमचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं आणि शाळा मावळतीच्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील त्या शाळेत तसंच होतं, आणि स्वतःच्या शाळेकडं बघायचं टाळतील. मला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जुनी जेन्ट्स सायकल घेऊन दिली होती. दांडीवरून पाय टाकताना पंजाबी ड्रेसचा घोळ सांभाळावा लागायचा. दहावीच्या त्या फेब्रुवारी-मार्चात शाळा भरायच्या वेळेला, ऊन तापायला लागता लागता, मावळतीकडून वारं उठायचं. जाताना ते सरळ छाताडावर. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली, कडब्याचा गोडसर वास, करडईची काटेरी रानं सुकून खडखड वाजायची. वाऱ्याबरोबर कुणाच्या तरी खळ्यावरचा भुसा यायचा आणि डोळ्यात जायचा. मी पायडलवर उभी राहून सायकल रेटायची. दात करकरायचे, कारण तोंडात माती असायची.

येताना तेच वारं पाठीला. तेव्हा पाय नुसते ठेवून द्यायचे, सायकल आपली जातेय. वेणी पुढं यायची. रस्त्यानं भेटणारी बाई हमखास म्हणायची, "आता बरंय गं पोरी, सकाळचं फिट्टंफाट झालं." मलाही तसंच वाटायचं. जाताना जेवढं वाऱ्यानं घेतलं तेवढं येताना दिलं. हिशेब मिटला.

हिशेब मिटत नाही हे मला डाळीनं शिकवलं. रविवारी माय चुलीवर तुरीची डाळ ठेवायची आणि मला सायकलवर गावातल्या दुकानातून काहीतरी आणायला पिटाळायची, आण्णांची तंबाखू नाहीतर चहापत्ती. जायचं, घ्यायचं आणि तसंच परत फिरायचं. वारं पडलेलं असेल त्या दिवशी मी परत यायची तेव्हा डाळ अजून बोटाला कच्ची लागायची. वारं सुटलेलं असेल त्या दिवशी डाळ शिजून, आटून, खाली लागलेली असायची आणि मायचं तोंड सुटलेलं असायचं.

"कुठं रमली व्हतीस एवढा येळ?"

"वारं होतं माय."

"वारं काय दोनी बाजूनं व्हतं व्हय? येताना पाठीला व्हतं की!"

पण करपलेली डाळ होती, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. एकदा झालं, दोनदा झालं. मग मी शाळेच्या रस्त्यानं पायडल मारता मारता डोकं चालवायला लागले. समजा दुकान बारा किलोमीटरवर आहे. नव्हतं एवढं लांब, पण भागायला बरं. समजा वारं नसताना मी तासाला दहा जाते आणि वारं दोनाचं आहे. जाताना मी आठानं जाणार, दीड तास. येताना बारानं, एक तास. एकूण अडीच. वारं नसतंच तर दोन तास चोवीस मिनिटं. सहा मिनिटं जास्त! मी रस्त्यात सायकल थांबवली. पुन्हा तोंडी मांडलं, पुन्हा तेच. वाऱ्यानं दोनच घेतले आणि दोनच दिले, मग ही सहा मिनिटं गेली कुठं? शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत उमगलं. समोरच्या वाऱ्यात मी जास्त वेळ असते. पाठीच्या वाऱ्यात कमी वेळ असते, कारण ते मला लवकर घरी सोडतं. त्रास रेंगाळतो आणि मदत पटकन संपते. तो आनंद मला आजही सांगता येत नाही. मी कुणाच्याही मदतीशिवाय जगातली एक खरी गोष्ट शोधली होती, आणि ती मी एकटीच जाणत होते. वर्गात बसल्यावर सुद्धा मला हसू आवरेना.

आमच्या पुस्तकातली उदाहरणं फार लांबची असायची. नाव प्रवाहाच्या दिशेनं जायची. आमच्याकडची नदी उन्हाळ्याच्या तोंडाला नुसती वाळू, प्रवाहाची दिशा विचारावी तर म्हशींना. विमान आम्ही बघितलेलं ते आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारं. पण वारा आमचा होता. वाऱ्यावर आमची खळी चालायची, वाऱ्याच्या मर्जीनं बाया सूप उचलायच्या आणि ठेवायच्या. कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन समोरच्या वाऱ्यात चालणाऱ्या माझ्या मायला वेग कसा कमी होतो हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि नेमकं हेच प्रकरण आम्हाला झेपणार नाही, असं वर्गात उभं राहून सांगण्यात यायचं.

गणिताचे सर दिसायला वाईट नव्हते, वागायलाही सरसकट वाईट नव्हते. पांढराशुभ्र शर्ट, सुरेख अक्षर, फळ्यावर वर्तुळ काढायचे ते हातानंच, कंपास नको. प्रमेयं त्यांनी आमच्याकडून इतकी घोटून घेतली की झोपेत विचारली तरी सांगितली असती. शाळेचा निकाल चांगला लागायचा आणि गावात त्यांना मान होता. रस्त्यानं निघाले की बिड्या विझायच्या. शाब्दिक उदाहरणांचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी पुस्तकाची पानं चिमटीत धरून उलटली आणि म्हणाले, "हे ऑप्शनला. खास करून वस्तीवरच्या पोरींनी ह्याच्यात डोकं घालू नये. टाइम जातो आणि हाती काही लागत नाही." आम्ही वस्तीवरच्या चौघी मागच्या बाकावर होतो. तिघींनी माना हलवल्या.

माझं एक कारण होतं मान न हलवायला. आण्णा लाइनमन होते. खांबावर चढायचे, फ्यूज टाकायचे, कुठं तार तुटली की रात्रीबेरात्री जायचे. त्यांच्या हापिसात एकदा एक बाई ज्युनिअर इंजिनिअर म्हणून आली. आण्णा घरी येऊन तिचंच सांगत बसले, की तिनं नकाशा बघून सांगितलं दोष कुठं आहे आणि तिथंच निघाला. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला शब्द दिला. "गणितात चांगले मार्क पाड. तुला पॉलिटेक्निकला घालतो. विजेचा डिप्लोमा कर. लोक म्हणतील ते म्हणतील." मायनं भाकरी थापता थापता वर बघितलं आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली, म्हणजे तिचीही हरकत नव्हती. त्या वर्षी माझ्यासाठी गणित म्हणजे नुसता विषय नव्हता. वस्तीवरून बाहेर जायचा तो एकच रस्ता होता आणि त्याच्या नाक्यावर सर उभे होते.

सराव परीक्षेच्या पेपरात विमान आलं. वाऱ्याच्या दिशेनं बाराशे किलोमीटर दोन तासांत, उलट येताना तेवढंच अंतर तीन तासांत. विमानाचा आणि वाऱ्याचा वेग काढा. सरांनी गाईडमधून उचललेलं असणार, पेपर भरायला. ते कुणी सोडवावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी वाचलं आणि मला तो माझाच रस्ता दिसला. क्ष, य मानायची गरजच वाटली नाही. मी सरळ लिहिलं, वारं मदत करतं तेव्हा ताशी सहाशे, अडवतं तेव्हा चारशे. वारं सारखंच देतं आणि घेतं, म्हणून विमान दोन्हीच्या मधोमध, पाचशे. वारा शंभर. खाली एक रेघ मारली. ती रेघ मारताना मला जो रुबाब वाटला, तो पुन्हा कधी वाटला नाही.

पेपर वाटताना सरांनी माझा पेपर शेवटी ठेवला. मग तो वर धरून अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला. "वारं मदत करतं! ऐका. ही बघा संगीता, विमानाला सायकल समजायलीय." पोरं हसली. पोरीही हसल्या. त्या प्रश्नावर लाल शाईत शून्य होतं आणि उत्तरावर फुली.

मी उभी राहिले. "सर, उत्तर बरोबर आहे. मागं गाईडात बघा."

"तेच म्हणायलोय मी. उत्तर गाईडातलं पाठ केलंस. रीत कुठंय? समीकरण कुठंय?"

"पाठ नाही केलं सर. मी समजावून सांगते. समोरून वारं असलं की..."

"खाली बस."

"सर, एकदा ऐका तरी."

"खाली बस म्हटलं ना!"

मी बसले. बाकावर कुणीतरी करकटकानं कोरलेलं एक बदामाचं चित्र होतं, तासभर मी त्याच्याकडंच बघत राहिले. डोळ्यात पाणी आलं नाही. पाणी आलं असतं तर बरं झालं असतं, वाहून तरी गेलं असतं. राग आला, आणि तो अजून आहे.

बोर्डाच्या परीक्षेत मी शाब्दिक उदाहरण सोडवलं. या खेपेला क्ष मानला, य मानला, समीकरण एक, समीकरण दोन, बेरीज, वजाबाकी, उत्तराभोवती चौकट. सरांना हवं होतं ते सगळं सोंग केलं. निकाल लागला तेव्हा गणितात माझ्यापुढं आमच्या शाळेतला एकच मुलगा होता. आण्णा पेढे घेऊन सरांच्या घरी गेले. मीही मागं होते, नवा ड्रेस घालून. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि आण्णांना म्हणाले, "पोरगी पाठांतराला पक्की आहे. पण गणिताचं डोकं नाही. पॉलिटेक्निकला नुसतं गणितच गणित असतं, तिथं पाठांतर चालत नाही. नापास होऊन घरी बसेल, मग तोंड दाखवायला जागा राहणार नाही तुम्हाला. आर्टला घाला. मुलीच्या जातीला ते बरं."

मी आण्णांचा शर्ट मागून ओढला. ते वळले नाहीत. घरी येईपर्यंत सायकल हातात धरून दोघं चालत आलो. मी सांगत होते, मला येतं, मला खरंच येतं, कागद द्या मी आत्ता दाखवते. आण्णा एवढंच म्हणाले, "बाई, म्या चौथी शिकलेला माणूस. सर काय खोटं बोलतील व्हय?"

मग मी आर्टला गेले. इतिहासात बी.ए. झाले. लग्न झालं, धाराशिवात आले. शेजारणीच्या मुलीला सहज एक उदाहरण सांगितलं, तिच्या मैत्रिणी आल्या, त्यांच्या बहिणी आल्या, आणि शिकवणी उभी राहिली. पदवी इतिहासाची, शिकवते गणित. कुणाकुणाला याचं कौतुक वाटतं. हळदी-कुंकवाला आलेल्या बाया म्हणतात, "शेवटी देवानं केलं ना तुमच्या मनासारखं? गणितच आलं ना वाट्याला?" माझी नणंद तर सरळ म्हणते, "तेव्हा झालं ते बऱ्यासाठीच झालं म्हणायचं. फिट्टंफाट."

मी हळदी-कुंकवाचं तबक खाली ठेवते. यांना कसं सांगू? फिट्टंफाट होत नाही बायांनो. अंतर सारखं असलं तरी होत नाही, वारं तेवढंच असलं तरी होत नाही. समोरच्या वाऱ्यातली वर्षं लांब असतात. पाठीचं वारं सुटेपर्यंत गुडघे दुखायला लागलेले असतात. आणि हे तरी ज्या पोचल्या त्यांचं. उदाहरणातलं वारं जरा वाढवून बघा. वारं जेवढ्या जोराचं, तेवढ्याच जोरानं पोरगी सायकल रेटत असेल, तर तिचा वेग शून्य. ती तिथंच उभी. घाम येतोय, दात करकरतायत, आणि सायकल जागची हलत नाही. त्या पोरीला येतानाचा प्रवासच नाही. तिला पाठीच्या वाऱ्याचं सांगून काय उपयोग? त्या मागच्या बाकावर आम्ही चौघी होतो. पुढं गणिताशी संबंध राहिला तो माझा एकटीचा. ज्यांच्यावरून वारं गेलंच नाही, त्यांना फिट्टंफाट म्हणायला फार सोपं जातं.

आता डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या आल्यात. माहेरी जाताना एसटीतून दिसतात, पांढऱ्या, सावकाश फिरणाऱ्या. ज्या वाऱ्यानं माझ्या तोंडात माती भरली त्याची आता वीज होते. रिटायर झाल्यावर एकदा आण्णा माझ्याबरोबर एसटीत होते. बराच वेळ खिडकीतून बघत बसले. मग म्हणाले, "त्याच्यावर बाया बी चढत्यात म्हनं. डिप्लोमा केलेल्या." उतरताना त्यांनी माझी पिशवी माझ्या हातातून घेतली, जी ते कधी घेत नसत. आण्णांवरचा राग त्या दिवशी संपला. सरांवरचा नाही.

यंदा वारं सुटल्यावर, एका दुपारी, दारात स्कूटर थांबली. पाठीमागं एक मुलगी, दप्तर पोटाशी धरलेली. पुढं सर. केस पांढरे झालेले, शर्ट तसाच पांढराशुभ्र. त्यांनी मला ओळखलं नाही. कुणीतरी नाव सांगितलं म्हणून आले होते. "ही माझी नात, ऋतुजा. मॅडम, हिचं सगळं चांगलं आहे, फक्त शाब्दिक उदाहरणं काही जमेनात. आणि ही ऐकेना, ऑप्शनला टाक म्हटलं तर रडायलीय. हिला पुढं इंजिनिअरिंगला जायचंय."

मी माझं माहेरचं नाव सांगितलं. वस्ती सांगितली. लाइनमनची मुलगी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे माझीच विद्यार्थिनी! बघ ऋतुजा, ह्या मॅडम माझ्या हाताखाली शिकल्या. तेव्हा कडक वागलो म्हणून घडल्या सगळ्या." असं म्हणून ते पाय जरा पुढं घेऊन उभे राहिले. आमच्याकडं जुने सर भेटले की वाकून नमस्कार करायचा असतो. नात माझ्याकडं बघत होती, सतरंजीवरच्या मुली बघत होत्या. मी वाकले नाही. खुर्ची दिली.

"सर, बसा. एक उदाहरण घालते. तुम्ही आणि नात दोघंही सोडवा." मी फळ्यावर लिहिलं. पंधरा किलोमीटर जायचं, पंधरा यायचं. वारं नसताना वेग दहा. जाताना पाचाचं वारं समोरून, येताना पाचाचं पाठीमागून. एकूण वेळ किती?

सर हसले. खडू सुद्धा घेतला नाही. "ह्याला काय करायचं? वारं नसताना तीन तास. जाताना पाच गेले, येताना पाच मिळाले. तीन तासच. फिट्टंफाट."

ऋतुजा फळ्यापाशी उभी होती. तिला जाताना पाच उरतात हे कळायला थोडा वेळ लागला, मग खडू भराभर चालला. जाताना तीन तास. येताना एक. "आजोबा, चार होतात," ती म्हणाली. "एक तास जास्त."

सर उठले. फळ्याजवळ गेले. त्यांनी बोटानं एकेक ओळ दाबत वाचली, परत वरून वाचली. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला आता, इतक्या वर्षांनी, सगळं लख्ख दिसत होतं. माझा पेपर त्यांनी खोडसाळपणानं कापला नव्हता. तो त्यांना वाचता आला नव्हता. त्यांना ही उदाहरणं येत नव्हती.

"आम्हाला कुणी शिकवलंच नाही हे," ते फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले. "आमच्या मास्तरांनी ऑप्शनला टाकलेलं. नोकरी लागल्यावर कुणाला विचारणार? लाज वाटायची."

इथं मला त्यांची कीव यायला हवी होती. चांगल्या माणसाला आली असती. मला आली नाही. स्वतःची लाज झाकायला त्यांनी माझं डोकं झाकलं, आणि आण्णांनी आणलेला पेढा खात खात झाकलं. येत नाही, एवढे दोन शब्द बोलले असते तर मी त्यांना सुद्धा शिकवलं असतं.

ते माझ्याकडं वळले. "त्या वर्षी... तुझी ती विमानाची रीत... बरोबर होती का गं?"

म्हणजे लक्षात होतं.

"होय सर. बरोबर होती."

"मग मला तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं सर," मी म्हणाले. "उभी राहून सांगितलं होतं. तुम्ही खाली बस म्हणालात."

सरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, घड्याळ बघितलं. "चल ऋतुजा. आज उशीर झाला, उद्या येऊ." ऋतुजाच्या हातात खडू तसाच होता. ती माझ्याकडं बघायला लागली, जायचं का थांबायचं, असं.

"ती थांबेल," मी म्हणाले. "तिची अजून उदाहरणं राहिलीत. तुम्ही बाहेर बसा."

ते बाहेर गेले. पायरीवर बसलेले खिडकीतून दिसत होते, शर्टात वारं भरत होतं आणि ते एका हातानं तो खाली दाबत होते. मुलींपैकी एक म्हणाली, "मॅडम, सरांना आत बोलवू का? धूळ लई यायलीय."

मी उठून दार लावून घेतलं आणि ऋतुजाला म्हणाले, "लिही."